ताजिकी संगीताची ओळख कोणापासून करून घ्यावी?

ताजिकिस्तानच्या एकाच कलावंतापासून तिथल्या संगीताची ओळख करून घ्यायची असेल तर तो कोण असावा, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर बर्नो इसहाकोवा (१९२७–२००१) हे आहे.

ताश्कंदमध्ये एका बुखारी ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या गायिकेची कारकीर्द ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे इथे घडली. त्या शशमकाम गात. बुझ्रुक, रोस्त, नवो, दुगोह, सेगोह आणि इरोक अशा सहा मकामांचा (मकाम म्हणजे ढोबळमानाने आपल्या रागासारखी स्वरचौकट) हा संगीतप्रकार बुखाराच्या अमिरांच्या दरबारात जोपासला गेला होता. सोव्हिएत काळात सीमा आखल्या गेल्या तेव्हा बुखारा आणि समरकंद ही ताजिकी संस्कृतीची जुनी शहरे उझबेकिस्तानात राहिली, त्यामुळे ताजिकांना आपले अभिजात गाणे दुशान्बेत जणू नव्याने वसवावे लागले. १९५० ते १९६७ या काळात शशमकामाचे पाच खंड स्वरलिपीसह छापले गेले. ते काम फार मोलाचे होते, पण कागदावरचे गाणे लोकांच्या कानी पडायला गळा लागतो. तो गळा ज्यांनी दिला, त्यांत बर्नो यांचे नाव मी सर्वांत आधी घेतो.

त्या स्त्री होत्या, हेही लक्षात घ्यावे. बुखारात बायकांच्या समारंभांत गाणाऱ्या 'सोझंदा' होत्या आणि त्यांत ज्यू स्त्रिया पुष्कळ होत्या. दरबारी शशमकाम मात्र पुरुष गायकांचा, म्हणजे 'होफिझां'चा मानला जाई. बर्नो यांच्या आवाजात तो रेडिओवरून घरोघरी पोहोचला.

या गाण्याची शब्दकळा फारसी गझलेची आहे. हाफिज आणि जामी यांच्याइतकाच तिथे बेदिल गायला जातो. पाटण्यात जन्मलेला आणि १७२० मध्ये दिल्लीत वारलेला हा कवी आपण जवळजवळ विसरलो, ताजिकांनी मात्र त्याला जिवापाड जपले, याचे मला फार वाटते.

१९९२ मध्ये ताजिकिस्तानात यादवी युद्ध पेटले. त्या दशकात बुखारी ज्यूंपैकी बहुतेकांनी देश सोडला आणि बर्नोही इस्रायलला गेल्या. ज्या देशाने त्यांना 'लोककलावंत' हा सर्वोच्च किताब दिला होता, तो त्यांना उतारवयात सोडावा लागला. ही हानी त्यांच्याइतकीच दुशान्बेचीही झाली.

त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकायला घ्याल तेव्हा एखाद्या मकामाच्या 'सराख्बोर'पासून, म्हणजे गायनाच्या संथ आरंभापासून सुरुवात करावी. तर्जनीवर चढवलेल्या धातूच्या नखीने तंबूर हे लांब मानेचे तंतुवाद्य छेडले जाते (ताजिकीतही त्या नखीला 'नोखून', म्हणजे नखच म्हणतात) आणि दोइरा डफासारखा ठेका धरतो. पहिली काही मिनिटे आवाज खालच्या स्वरांतच घुटमळतो आहे असे वाटेल, पण तिथे घाई करू नये. मग ओळीमागून ओळ तो पायऱ्या चढू लागतो आणि 'अव्ज' येतो. आपल्याकडे गायक तार षड्जावर ठेहराव घेतो, तसे ते शिखर असते. त्यानंतर गाणे जिथून निघाले होते तिथे हळूहळू परतते; तो उतारही सोडू नये.