वहीच्या कोपऱ्यातलं गणित

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. जेईईच्या क्लासची दोन वर्षांची फी भरून झाली आणि आता म्हणते, इंजिनिअरिंग नको, मला गुरुत्वाकर्षणावर संशोधन करायचंय. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर वर्महोल, पाचवी मिती, काळात मागे जाणं असलंच काहीतरी बघत बसते. तिचे काका म्हणतात, खूळ आहे, वेळीच काढा. तिची एक वही सोबत पाठवतेय. हे खरंच शास्त्र आहे का? आणि यावर तिचं पोट भरेल का?
– एक आई, वसमत

नमस्कार ताई,

वही मिळाली, दोनदा वाचली. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यामुळे अशी वही हातात आली की मला ती खाली ठेवता येत नाही.

पहिली तेरा पानं चित्रांची आहेत. दुमडलेला कागद, त्यावर दोन ठिपके, मधून आरपार बोगदा. हाच वर्महोल, अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारी कल्पनेतली आडवाट. ही चित्रं तिने व्हिडिओत पाहिली आणि उतरवली. त्यावरून मी काहीच ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. तुम्ही चौदावं पान उघडून बघा. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने चार ओळींचं गणित आहे. मुद्दा असा : अंगणात दिवा लावला, की लांब जाल तसा उजेड विरळ होतो, कारण तेवढाच उजेड मोठ्या गोलावर पसरतो. अंतर दुप्पट झालं की गोलाचा पृष्ठभाग चौपट होतो, म्हणून उजेड पावपट. गुरुत्वाकर्षणही असंच अंतराच्या वर्गाने कमी होतं, हे पुस्तकात आहे. पुढची ओळ मात्र तुमच्या लेकीची आहे. अवकाशाला लांबी, रुंदी, उंचीखेरीज आणखी एक मिती असती, तर हा पृष्ठभाग घनाच्या हिशेबाने वाढला असता आणि ओढही घनाने कमी झाली असती. आणि खाली लिहिलंय, ‘मग आपल्याला घन का दिसत नाही?’

ताई, नेमका हाच प्रश्न जगातल्या प्रयोगशाळांनी विचारला आहे. 1998 मध्ये अर्कानी-हामेद, दिमोपुलोस आणि द्वाली या तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं, की जास्तीच्या मिती लहानशा गुंडाळलेल्या असतील, अगदी मिलिमीटरएवढ्यासुद्धा, आणि गुरुत्वाकर्षण त्यांत झिरपत असल्यामुळे आपल्याला इतकं दुबळं वाटत असेल. कल्पना विचित्रच होती, पण ती तपासता येण्याजोगी होती. एवढ्या कमी अंतरावर गुरुत्वाकर्षण कसं वागतं, हे तोवर कुणी नीट मोजलंच नव्हतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने बारीक तारेला लटकवलेल्या तबकडीचा पीळ मोजत मोजत 2020 मध्ये 52 मायक्रॉनपर्यंत मजल मारली. म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढं अंतर. तिथपर्यंत तरी वर्गाचाच नियम टिकून आहे. तिच्या ओळीखाली मी हे लिहून ठेवलंय.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, हे शास्त्र आहे. वर्महोलचंही तसंच. 1988 मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल मॉरिस यांनी आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं उलटीकडून धरली. आधी हवा तसा बोगदा ठरवला आणि मग तो उघडा राहायला काय लागेल ते काढलं. उत्तर आलं ऋण ऊर्जेचं, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जेचं, आणि बोगदा उघडा ठेवण्याइतकी ऋण ऊर्जा मिळवण्याचा मार्ग आजही कुणाकडे नाही. तो निबंध छापून आला फिजिक्स शिकवणाऱ्यांच्या नियतकालिकात, आइनस्टाइनचा सापेक्षता सिद्धांत शिकवायचं साधन म्हणून. व्हिडिओत बोगदा दिसतो, हा हिशेब क्वचितच दिसतो.

आणि कल्पना मरतातही, हे तिला आत्ताच कळलेलं बरं. 17 ऑगस्ट 2017 रोजी सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (अतिशय घन, मेलेल्या ताऱ्यांच्या) टकरीची गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठलेला तरंग, आली आणि तिच्या मागोमाग 1.7 सेकंदांनी गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, आले. एवढ्या प्रवासात फरक फक्त 1.7 सेकंदांचा, म्हणजे दोघांचा वेग जवळपास एकच. गुरुत्वाकर्षणाची लहर प्रकाशापेक्षा वेगळ्या वेगाने जाते असं मानणारे कितीतरी सिद्धांत त्या एका नोंदीने बाद झाले. लोकांनी त्यांवर कित्येक वर्षं घालवली होती. या क्षेत्रात राहायचं तर हे सोसायची तयारी हवी.

आता पोटाचं. हा रस्ता लांब आहे आणि मी तो छोटा करून सांगणार नाही. पाच वर्षं बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र), पुढे पाच-सहा वर्षं पीएच.डी., मग दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या पोस्ट-डॉक नेमणुका, बहुतेकदा परदेशात. कायमची जागा मिळायला तिशी उलटते. शुद्ध सैद्धांतिक गुरुत्वाकर्षणात जागा थोड्या आणि उमेदवार फार. बरेच जण पीएच.डी.नंतर डेटा, सॉफ्टवेअर किंवा बँकिंगमधल्या गणिताकडे जातात आणि चांगलं कमावतात. ती उपासमार नव्हे. पीएच.डी.च्या काळात ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता आहे. त्या वयात तिच्या इंजिनिअर मैत्रिणी जास्त कमवत असतील. ही तुलना घरात होणार, आत्याबाई-मावशी करणार, आणि ती झेलायची ताकद तुमच्यात आहे का, हे तुम्हीच ठरवायचंय.

क्लासची फी वाया जात नाही. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा (आयएटी) आणि नायसर ही तशीच संस्था व मुंबईचं मूलभूत विज्ञान केंद्र यांची नेस्ट ही परीक्षा, दोन्हींचा अभ्यास अकरावी-बारावीचाच आहे. फक्त आयएटीमध्ये जीवशास्त्राचेही प्रश्न तितकेच असतात. तिने तो विषय सोडला असेल तर आजच विचारून घ्या. जेईई देऊ द्या, सोबत याही देऊ द्या. मराठी माध्यमाची काळजी सोडा. शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी 1986 मध्ये आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत, म्हणजे नव्या गणिती राशींत, मांडली. त्यातूनच अवकाश अखंड नसून कणाकणाचं असावं असा एक सिद्धांत उभा राहिला, आणि जगभर त्या चलांना अष्टेकरांचंच नाव आहे.

ओढ खरी आहे का, हे बघायचा माझा उपाय साधा आहे. गेल्या वर्षी कृष्णविवरांनी झपाटलेला एक मुलगा आला होता. त्याला कॅल्क्युलसचं पुस्तक दिलं. आठ दिवसांत परत आणून दिलं आणि म्हणाला, सर, यात मजा नाही. त्याला त्यातली गोष्ट आवडत होती, गणित नाही. आता तो आकाशदर्शनाचे लेख लिहितो, सुरेख लिहितो. तुमच्या लेकीला या उन्हाळ्यात मोबाइल बाजूला ठेवून दोन महिने यांत्रिकी आणि कॅल्क्युलसची गणितं करायला सांगा, रोज दोन तास. कंटाळा येईल तो येऊ द्या. कंटाळ्यानंतर परत बसते का, तेवढंच बघा.

आणि एक रविवार काढून तिला औंढा नागनाथला न्या. नागनाथाचं दर्शन घ्याच, पण त्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे, त्या बाजूचं रानही तिला दाखवा. केंद्र सरकारने 2023 मध्ये जवळपास 2,600 कोटी रुपये मंजूर केलेत. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा फरक टिपायचा. तिथे सिद्धांतवाले लागतील तसे लेझरवाले, निर्वात पोकळीवाले, संगणकवालेही लागतील. सिद्धांत जमला नाही तरी गुरुत्वाकर्षणाशी नातं ठेवायच्या वाटा आहेत, आणि त्यातली एक तुमच्या घरापासून तासाभरावर आहे. काकांनाही सोबत घ्या.

वही स्पीड पोस्टने परत पाठवतोय. चौदाव्या पानाची झेरॉक्स मात्र मी ठेवून घेतली आहे. तिच्या प्रश्नाखाली माझा एक प्रश्न लिहिलाय : ओढ घनाने कमी होत असती, तर पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा टिकली असती का? पॉल एरेनफेस्ट या भौतिकशास्त्रज्ञाने 1917 मध्ये हे सोडवलं होतं. कोनीय संवेग जपून त्रिज्येचं समीकरण मांडलं की तिला जमेल. उत्तर सापडलं की मला पाठवायला सांगा, चुकलेलं असलं तरी चालेल.