पोस्टरवर सगळं आहे, तरी कुणी थांबत का नाही?

तुम्ही लिहिलंय की परिषदेत लावायच्या तुमच्या संशोधन-पोस्टरवर प्रस्तावनेपासून संदर्भांपर्यंत सगळं आहे, रंगही भरपूर आहेत, तरी लोक नजर टाकून पुढे जातात. मग डिझाइन सुधारायचं कसं? खरी मेख त्या 'सगळं आहे' मध्येच आहे.

माझं पहिलं पोस्टर म्हणजे शोधनिबंधच मोठा करून टांगला होता. दोन तास शेजारी उभा होतो. एकच गृहस्थ जवळ आले, आणि त्यांनी विचारलं, "दोन नंबरचा हॉल कुठल्या बाजूला?" शीर्षकाच्या शेवटी मी हौसेनं 'एक अभ्यास' असं लिहिलं होतं. अभ्यास केला म्हणूनच तिथे उभा होतो ना! त्यातून निघालं काय, ते कुठेच ठळक नव्हतं.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी शीर्षक बदला. समजा, 'मातीतील ओलाव्याचा बीजांकुरणावरील परिणाम' असं आहे. त्याऐवजी 'पाणी निम्मं दिलं, तरी बी तेवढंच उगवलं' असं लिहून बघा. २०१९ साली मानसशास्त्राचे संशोधक माइक मॉरिसन यांनी एका व्हिडिओत हाच विचार टोकाला नेला: मधोमध मोठ्या अक्षरांत एकच निष्कर्ष, तपशील बाजूच्या पट्ट्यांत, बाकीच्यासाठी क्यूआर कोड. मला ते अर्धंच पटतं. तुमचा आलेख किंवा सूक्ष्मदर्शकातला फोटोच बोलका असेल, तर मधली जागा त्याला द्या, वाक्य वर न्या.

अक्षरांच्या आकारासाठी माझी एक फुकटची चाचणी आहे. ए-० कागद ८४१ × ११८९ मिलिमीटरचा. ए-४ लांबी-रुंदीला त्याच्या बरोबर पाव. पोस्टर ए-४ वर छापा आणि ४० सेंटिमीटरवर धरा. दीड-पावणेदोन मीटरवरून पोस्टर जसं दिसेल, तसंच ते हातात दिसतं. २४ पॉइंटचा मजकूर तिथे ६ पॉइंटचा होतो, म्हणजे कसाबसा वाचता येतो. त्याहून बारीक काही असेल तर ते छोटं करून बसवत बसू नका, सरळ काढून टाका. पद्धतीचा परिच्छेद बहुतेक वेळा चार बाणांच्या आकृतीत मावतो.

आलेख निबंधातून उचलून चिकटवू नका, पोस्टरसाठी नव्यानं काढा. कोपऱ्यातली रंगांची यादी काढून टाका आणि प्रत्येक रेषेचं नाव तिच्या टोकालाच लिहा, म्हणजे बघणाऱ्याची मान इकडून तिकडे फिरत नाही. लाल आणि हिरव्या रेषा शेजारी नकोत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के लोकांना हा फरक नीट कळत नाही, आणि परीक्षक त्यांच्यातलाच निघू शकतो. आकडे रंगांच्या छटांनी दाखवत असाल, तर इंद्रधनुषी रंगपट्टीही टाळा. मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरनं २०१७ मध्ये ती मूळ निवड म्हणून सोडली आणि जांभळ्याकडून पिवळ्याकडे जाणारी व्हिरिडिस ही पट्टी घेतली, कारण इंद्रधनुषी पट्टीत आकड्यांत नसलेल्या कडा डोळ्याला दिसतात.

छपाईचं थोडक्यात. आलेख पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइलमध्ये जतन करा, म्हणजे मोठे केले तरी रेषा फाटत नाहीत. संकेतस्थळावरून घेतलेला ६०० पिक्सेल रुंदीचा लोगो ३० सेंटिमीटरवर ताणला, तर इंचाला जेमतेम ५० ठिपके उरतात आणि कडा दातेरी दिसतात. पडद्यावरचा चमकदार निळा-हिरवा कागदावर मळकट उतरतो, तेव्हा रंग थोडे शांतच घ्या. मजकूर डावीकडून सरळ लावा. दोन्ही कडा जुळवल्या की अरुंद रकान्यात शब्दांमध्ये भोकं पडतात. आणि अक्षरांच्या मागे फोटो? कृपा करून नको.

शेवटी तीच ए-४ प्रत दुसऱ्या विषयातल्या कुणाला तरी पाच सेकंद दाखवा, काढून घ्या आणि विचारा, काय लक्षात राहिलं? माझ्या दुसऱ्या पोस्टरला उत्तर मिळालं होतं, "काहीतरी खूप निळं होतं." त्याच रात्री निळी पार्श्वभूमी गेली, आणि शीर्षक तिसऱ्यांदा लिहिलं.