वावरात पाणी घुसलं, आता आधी काय करू?

भाऊ, हबकू नको. पहिलं काम म्हणजे धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढ, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) मुळाला हवा नाही भेटली तर झाड उभ्या उभ्या सुकते. नवीन पोरं घाईत रोटावेटर मारून मोकळे होतात, तसं करू नको, पंचनामा होईस्तोवर वावर मोडायचं नाही, 33 टक्के किंवा जास्त नुकसान असलं तरच सरकारी मदत बसते.

- फोटो काढ, तलाठ्याला सांग, खात्याला आधार लिंक आहे का पाह
- सोयाबीनची ओली सुडी (कापलेल्या पिकाचा ढीग) ताडपत्रीखाली दाबून ठेवू नको, आतून तापते अन् शेंगेतच कोंब फुटतात, उघाड पडली की पसरव

अन् सावकाराकडे पळायच्या आधी घरच्यांसंग बसून कोणाचं किती देणं आहे ते कागदावर लिही, एकटा कुढत बसू नको रे. फवारणीचं मंग सांगतो.