रेग्युलेटरला थोडे जास्त व्होल्ट चालतील का?

प्रश्न : बागेतल्या ओलाव्याच्या सेन्सरला एमसीपी १७०० रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक पातळीला स्थिर ठेवणारी चिप) लावलाय. इनपुट ६ व्होल्टपर्यंत चालतं, पण चार नवे अल्कलाइन सेल ६.४ दाखवतात. एवढ्याने काय होणार?

उत्तर : आज बहुधा काहीच नाही. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, ६.५ व्होल्टचाही आकडा आहे, ती कमाल मर्यादा. ती ओलांडली की चिप कायमची जाऊ शकते. मधल्या अर्ध्या व्होल्टात चिप तग धरेल, पण आउटपुट नेमकं राहील याची हमी कंपनी देत नाही. व्होल्ट थोडे कमी करायला सिरीजमध्ये डायोड टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. पण सेन्सर झोपेत असताना करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो, तेव्हा डायोडवर ०.७ व्होल्ट पडत नाहीत, निम्म्याच्या आसपास पडतात. आणि सेन्सर बहुतेक वेळ झोपलेलाच! त्यापेक्षा सेन्सरला ३ व्होल्ट पुरत असतील तर तीनच सेल आणि ३ व्होल्टचा रेग्युलेटर घ्या.

प्रश्न : एएमएस १११७ रेग्युलेटरची इनपुट मर्यादा १५ व्होल्ट. माझा ॲडाप्टर मल्टिमीटरवर १२.१ दाखवतो. तरी पिन खोचताक्षणी दोन बोर्ड उडाले.

उत्तर : मल्टिमीटरला जे दिसत नाही, त्यानेच हे झालं असावं. ॲडाप्टर आधीच चालू, वायर लांब आणि बोर्डाच्या तोंडाशी फक्त छोटा सिरॅमिक कपॅसिटर, असं असलं की पिन टेकताच वायरचं इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला होणारा विरोध) आणि कपॅसिटर मिळून हेलकावे सुरू करतात. काही मायक्रोसेकंद व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होऊ शकतं, म्हणजे २० च्या वर. व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर तो सुळका स्वच्छ दिसतो. सिरॅमिकला समांतर ४७ ते १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक लावा. महागडा लो-ईएसआर, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा, नको. साध्या कपॅसिटरचा अंतर्गत रोधच हे हेलकावे जिरवतो. तोवर पिन आधी खोचा, भिंतीवरचं बटण नंतर दाबा.

प्रश्न : ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरला २५ व्होल्ट चालतात म्हणे. मी १८ देतो, लोड अर्धा अँपिअर. हात लावता येत नाही इतका तापतो आणि मध्येच बंद पडतो.

उत्तर : व्होल्ट मर्यादेत आहेत, वॅट नाहीत. १८ वजा ५, गुणिले अर्धा : साडेसहा वॅट. हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीशिवाय) दर वॅटला सुमारे ६५ अंश चढतात, म्हणून तो स्वतःला वाचवायला बंद होतो. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. हीटसिंक तरीही लागेलच.

प्रश्न : १२ व्होल्टची दोन सोलर पॅनल सिरीजमध्ये जोडून एलएम २५९६ मॉड्यूलला (व्होल्ट कमी करणाऱ्या रेग्युलेटरच्या तयार बोर्डाला) दिली तर? लोड न जोडता मोजली तर ४४ व्होल्ट भरतात, चिपला ४० चालतात.

उत्तर : नको. कमाल मर्यादा ४५ ची आहे आणि थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं. दुपारी ४४ देणारी जोडी निफाडच्या डिसेंबरातल्या सकाळी ४६ च्या पुढे जाईल. पॅनल समांतर जोडा. सिरीजच हवी असेल तर याच चिपचा ६० व्होल्टवाला एचव्ही प्रकार मिळतो. मात्र मॉड्यूलवरच्या इनपुट कपॅसिटरवरचा आकडाही वाचा. कित्येकांवर तो ३५ व्होल्टचाच असतो.