डिस्चार्जचा कागद मिळाला, पुढे?

(सर्जिकल वॉर्डात अनेक वर्षं सिस्टर इन्चार्ज म्हणून काम केलेल्या ताई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पहिल्या रात्री सिस्टर सारखं उठवून बीपी घेत होत्या. पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता, तर म्हणाल्या, "होतं असं." हे हलगर्जीपणाचं नाही का?

उठवणं हलगर्जीपणाचं नाही, उलट ते केलं नसतं तर मी रागावले असते. पोटात आत रक्तस्राव सुरू झाला तर बाहेर काहीच दिसत नाही. आधी नाडी वाढते, बीपी बऱ्याचदा उशिरा पडतं. म्हणून सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, तासाने आकडे लिहायचे. एका आकड्याला फारसा अर्थ नसतो, तो कुठे चाललाय ते पाहायचं असतं.

खांद्याचं मात्र तुमचं म्हणणं बरोबर. दुर्बीण घालताना पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्यामुळे छाती आणि पोट यांमधला पडदा चाळवतो, आणि त्याच्या मज्जातंतूचं दुखणं खांद्यावर उमटतं. दोनतीन दिवसांत थांबतं, चालल्याने बरं वाटतं. हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. एकेका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते मला ठाऊक आहे, तरीही "होतं असं" हे उत्तर नव्हे. (छातीत दुखलं किंवा धाप लागली तर मात्र लगेच बेल वाजवायची.)

सकाळी दहाला "आज घरी" म्हणाले, सुटलो संध्याकाळी सहाला. विमा कॅशलेस होता.

डॉक्टरांनी "जा" म्हटल्यावर समरी टाइप होते, औषधं परत जातात, बिल विमा कंपनीकडे जातं. हे आदल्या संध्याकाळीच सुरू करायला सांगा. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे. बिलावरची वेळ बघून घ्या.

सासूबाई म्हणतात, आंबट आणि भात खाल्ल्याने टाके पिकतात.

नाही हो! टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने. लिंबू, आवळ्यातलं क जीवनसत्त्व जखम भरायला लागतंच. पथ्य डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. सासूबाईंशी वाद नको, त्यांना घट्ट वरण करायला सांगा, डाळीतली प्रथिनंही हवीतच.

कागदावर बीडी, टीडीएस, एसओएस असं लिहिलंय. विचारायचं राहून गेलं.

बीडी दोनदा, टीडीएस तीनदा (कर कापलेला नाही!), ओडी एकदा, एसओएस म्हणजे गरज लागली तरच. पण राहून जाऊच देऊ नका. सिस्टरसमोर बसून गोळ्या एकेक करून दाखवा. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) किंवा इंजेक्शन घरी सांभाळायचं असेल, तर त्यांच्यासमोर स्वतः एकदा करून बघा.

ताप, जखमेतून पू, थांबत नाही अशी उलटी, डोळे पिवळे होणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यांसाठी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, तेही लिहून आणा.

आणखी एक. काढलेला भाग तपासणीला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट बऱ्याचदा तुम्ही घरी गेल्यावर येतो. तो कोण आणणार, हे घरात आजच ठरवा.