दात काढण्याआधी एचआयव्हीचा रिपोर्ट मागू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दात काढण्याआधी प्रत्येक पेशंटची एचआयव्ही चाचणी करून घेतली तर बिघडलं कुठे, असं तू विचारलंस. बिघडतं. लागण नुकतीच झाली असेल तर विंडो पीरियडमध्ये, म्हणजे चाचणीत लागण दिसू लागण्याआधीच्या काळात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि त्या कागदाच्या भरवशावर तू गाफील राहतेस. शिवाय दूषित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. लस घेतलेली नसेल तर हिपॅटायटिस बीची ३० टक्क्यांपर्यंत जाते. तुझे लसीचे तिन्ही डोस झालेत? टायटर, म्हणजे लसीने रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का, ते तपासलंस? आधी ते कर.

ग्लोव्हज, मास्क, चष्मा, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने उपकरणं निर्जंतुक करणं, यांत माणसागणिक फरक नको. इंजेक्शन दिल्यावर सुईचं टोपण दोन हातांनी लावू नकोस. ते ट्रेवर आडवं ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकव. तरी टोचलीच, तर बोट पिळत बसू नकोस. साबण-पाण्याने धू, लगेच वरिष्ठांना सांग आणि पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं, सुरू कर. पहिला डोस शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत; गोळ्या २८ दिवस. ओरडा बसेल म्हणून लपवलंस तर हे तास हातचे जातील.

चाचणी सुचवायची ती पेशंटच्या भल्यासाठी. जिभेच्या कडेला उभ्या रेघांचा पांढरा चट्टा, गॉजने पुसूनही न निघणारा. किंवा तरुण माणसाच्या टाळूवर बुरशी; ना कवळी, ना मधुमेह, ना स्टेरॉइड. अशा वेळी आजार सगळ्यांत आधी तुझ्याच लक्षात येऊ शकतो. सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसव आणि सरळ सांग, "प्रतिकारशक्ती कमी झाली की तोंडात असं दिसतं. कारण कळावं म्हणून रक्त तपासूया का? त्यात एचआयव्हीचीही चाचणी असेल." हो म्हणाले तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात पाठव. तिथे समुपदेशन आणि चाचणी मोफत असते, पुढे एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधंही. नाही म्हणाले, तरी दाताचे उपचार थांबवायचे नाहीत. उपचारांसाठी चाचणीची अट घालायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे.

केसपेपरवर लाल शाईने खूण करणं, पॉझिटिव्ह पेशंटला सगळ्यांत शेवटी बसवणं, हे तुला कुठे ना कुठे दिसेल. तू तसं करू नकोस. त्यांचा नंबर आला की त्यांना आत बोलाव.

तुझे,
सर