विशेषणं राहू दे, आधी टाके मोज

प्रिय पोरी,

आजीच्या वाकळांवरचा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या हाताने शिवलेल्या गोधड्यांवरचा, तुझा लेख दोनदा वाचला. आजीच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर वाचायचा म्हणतेस. त्यात 'मायेची ऊब' चार वेळा आली, 'अपार कष्ट' तीन वेळा, आणि वाकळ किती थरांची होती ते एकदाही नाही. दुसऱ्या बाईची वाकळ हातात आली की जाणती बाई आधी ती उलटी करून बघते. गाठी मागच्या बाजूला दिसतात. तुझ्या लेखाला मागची बाजूच नाही.

म्हणून आधी मोज. लिहायचं मग बघू.

घरात तीन पुऱ्या वाकळा आणि एक अर्धवट आहे ना? शिंप्याकडची टेप आण, वही घे, जमिनीवर चटई टाकून एकेक वाकळ पसर. लांबी, रुंदी, मग थर. थर मोजायला काही उसवायचं नाही. जुन्या वाकळेची कड कुठेतरी झिजलेली असतेच, तिथे नखाने हळूच उचलून मोज. एकाच जागी मोजून थांबू नकोस. पोटात फाटक्या तुकड्यांची भरती असते, त्यामुळे एका कोपऱ्यात चार थर आणि मधे सात असं सर्रास निघतं. मग कुठेही एक इंच धरून वरच्या बाजूला दिसणारे टाके मोज, आणि शेजारच्या दोन ओळींतलं अंतर.

आता हिशेब कर. पाच फूट बाय साडेसहा फुटांची वाकळ म्हणजे 60 बाय 78 इंच. ओळी अर्ध्या इंचावर असतील तर सगळ्या ओळींची लांबी 9360 इंच भरते, म्हणजे जवळजवळ 238 मीटर. ती कडेने फेऱ्या मारत आत गेली असली तरी बेरीज जवळपास तेवढीच. इंचाला चार टाके धरले तर सदतीस हजारांच्या वर. दोरा दुहेरी, म्हणून पावणेपाचशे मीटर तर नुसता ओळींतच गेला, गाठी वेगळ्या. आणि दोरा हातभरच घ्यायचा असतो; लांब घेतला की गुंता होतो आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढून झिजतो. एका दोऱ्यात दीड फूट शिवण धरली तर एका वाकळेला सुमारे 520 वेळा सुई ओवावी लागते. शेवटची काही वर्षं तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं, असं तूच एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मग त्या 520 वेळा सुई कोणी ओवली? तू शाळेतून आल्यावर ओवून ठेवलेल्या सुया कशात टोचून ठेवायची ती? हे लिही की. 'अपार कष्ट' खोडून टाक.

तीन वाकळांतली आधीची कोणती, असा घरात वाद आहे म्हणालीस. तोही मोजून बराचसा सुटेल. नजर आणि बोटं थकली की टाका लांबतो, ओळी विरळ होतात. एकीत इंचाला पाच, दुसरीत तीन असतील तर तीनवाली बहुधा उत्तरवयातली. बहुधा म्हणते, कारण थर वाढले तरी टाका लांबतो. सात थरांतून बारीक टाका निघत नाही. सारख्या जाडीच्या जागा धरूनच तुलना कर. आणि एकाच वाकळेत मधेच टाक्याची धाटणी बदलली, तिरका पडायला लागला, तर तिथे दुसरी बाई शिवायला बसली होती. जाऊ असेल, शेजारीण असेल. वाकळ एकटीनेच पुरी करायची असा काही नियम नव्हता. लेखात मात्र तू आजीला एकटीच बसवलीस.

कापडाकडे ये. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे पाडले आणि दोन-दोन शेजारी जोडले, की एका मोठ्या वाकळेच्या वरच्या-खालच्या दोन्ही बाजू निघतात. पण इतकं धड लुगडं वाकळेला कोण देणार? लुगडं बसायच्या जागी आधी विरतं. तेवढा भाग कापून उरलेल्याला दुसऱ्या लुगड्याचा धड भाग जोडून पुन्हा नेसायचं, त्याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडंही विरलं, की ते वाकळेत. तुझ्या वाकळेत जाड, उभी, मशीनची नसलेली जोडशिवण सापडली तर ती वाकळेची नसून दंडाची असू शकते. शिवणीच्या दोन बाजूंना वेगवेगळी लुगडी आहेत का बघ. काठ टिकतात, कारण तिथे वीण दाट असते, म्हणून ते किनारीला लावतात. इरकली काठ, खणाचे तुकडे, धोतराचं पांढरं, सगळ्यांची यादी कर. सुती की टेरीकॉट कळत नसेल तर कडेचा सुटलेला एक धागा चिमट्यात धरून जाळ. सुती कागदासारखं जळून मऊ राख होतं, टेरीकॉटमध्ये पॉलिस्टर असतं, ते वितळून टणक गुठळी राहते. हे वाकळेपासून लांब, मोरीत कर.

पैठणीवर लिहायला माणसं आहेत, हिमरू शालींवरही आहेत. वाकळेवर लिहितात ते सगळे उबेवरच घसरतात. मीही घसरले आहे. माझ्या जुन्या लिखाणातली विशेषणं काढली तर कितीतरी पानं कोरी पडतील, आणि ज्यांना विचारायचं ती माणसं आता नाहीत. त्यामुळे मला कोणी आकडेवाली म्हातारी म्हटलं तरी चालतं. आकडा रडत नाही, अशी तक्रार येते. न रडू दे. ऐकणारा रडेल की नाही ते त्याचं तो बघेल.

फ्रेम करू नकोस. काच कापडाला टेकली की ओल धरते, आणि उभं टांगलं की सगळं वजन वरच्या टाक्यांवर येतं. सहा थरांची वाकळ कोरडी दोन किलोंच्या आसपास भरते, भिजली की दुपटीच्या वर. म्हणूनच ती तारेवर वाळत घालायची नाही, बाजेवर आडवी पसरायची. धुवायची असेल तर रिठ्याच्या पाण्यात भिजवून हाताने दाब. धोपटायची नाही, पिळायची नाही, मशीनमध्ये तर अजिबात नाही. ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, जुनं धुतलेलं सुती धोतर गुंडाळ. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदल, नाहीतर घडीच्या रेषेवरच कापड तुटतं. कडुलिंबाचा पाला वापरायचा तर पूर्ण वाळलेला, आणि धोतराच्या बाहेर.

अर्धवट वाकळ. 'तिचा शेवटचा टाका तसाच राहावा' हे तुझं वाक्य सुंदर आहे आणि चूक आहे. न शिवलेले थर प्रत्येक उचलण्यात सरकतात, भरती एका बाजूला गोळा होते, आणि पाच वर्षांत तिने शिवलेल्या ओळींवरही ताण येतो. पुरी कर. फक्त आधी मोज: किती शिवून झालंय, कुठे थांबलंय, दोऱ्याचा रंग कोणता. फोटो काढ. मग दुसऱ्या रंगाचा दोरा घे, म्हणजे तिचं कुठे संपलं आणि तुझं कुठे सुरू झालं ते कोणालाही दिसेल. दोरा सुतीच घे. नायलॉनचा कधी तुटत नाही म्हणून दुकानदार देईल, पण तो जुन्या कापडालाच कापतो.

थर सरकू नयेत म्हणून तिने घातलेले लांब कच्चे टाके काढू नकोस. जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेव, तळहाताने मधून कडेकडे सारखं कर, आणि जिथे मोकळं आहे तिथे वीतभर अंतराने आणखी कच्चे टाके घाल. ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. कडेने आत शिवत आलं की सैल कापड पुढे सरकत मधे जमतं आणि वाकळेला पोट येतं. आलंच तर कापू नकोस. त्याच्या दोन-तीन बारीक चुण्या पाडून त्यांच्यावरूनच ओळ ने. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. ओळींत बोटभर अंतर, दोन बोटांपेक्षा जास्त कधीच नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात आतल्या चिंध्यांचे गोळे होतात. दोरा ओढल्यावर कापड चुरगळलं तर ओळीवरून बोट मागे फिरवून सैल सोड. गाठ थरांच्या मधे लपव. तुझ्या पहिल्या चार ओळी वाकड्या येतील. येऊ देत, उसवू नकोस. उसवताना विरलेलं कापड फाटतं.

आता तिच्या वयाचं. जन्मतारीख कुठेच नाही म्हणून तू 'साधारण' लिहून मोकळी झालीस. आपल्याकडे सालं मोजायच्या खुणा आहेत. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, 1948 च्या सप्टेंबरात, ती पाळण्यात होती की परकरात? 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती का, कामावर खायला सुकडी मिळायची तेव्हा कडेवर कोण होतं? 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबरची पहाट, तेव्हा अंगणात कोणती वाकळ टाकून झोपले? हे तिच्या जावेला विचार, आणि वाकळ सोबत घेऊन जा. 'आजी कशी होती' असं विचारलंस तर 'लई चांगली होती' इतकंच मिळेल. तुकड्यावर बोट ठेवून 'हे कोणाचं लुगडं' असं विचार, मग ऐकत बस. संध्याकाळी जाऊ नकोस, चुलीची वेळ असते. दुपारी जा.

आणि एक तातडीचं. तिच्या खाटेखालचं चिंध्यांचं गाठोडं काकू टाकून देणार आहेत, असं तू शेवटच्या ओळीत सहज लिहिलंस. आजच फोन करून थांबव. अर्धवट वाकळेच्या मधल्या भागासाठी तिने काढून ठेवलेले तुकडे त्यातच असणार. सोडण्याआधी गाठोड्याची गाठ कशी मारली आहे त्याचा फोटो काढ, आणि तुकडे मोज.

तुझी,
बाई